हाकेला ओ : लांब पल्ल्याच्या दूरध्वनी-संकेतांची वाटचाल

सुरतेच्या आग्नेयेला वसलेल्या डिंडोलीत आणि लगतच्या उधना, लिंबायत, पांडेसरा या वस्त्यांत मराठी बोलणाऱ्यांची, त्यातही कापडधंद्याच्या आधाराने खानदेशातून आलेल्यांची संख्या मोठी आहे. उधना-जळगाव हा सुमारे ३०० किलोमीटरचा लोहमार्ग त्यांना गावाशी बांधून ठेवणारा जुना धागा होय. रुळांनी माणसे आणली, टपालाने पत्रे आणि मनिऑर्डरी नेल्या, तारेने सुखदुःखाच्या तातडीच्या वार्ता पोहोचवल्या. दूरध्वनी या सर्वांच्या मागून आला आणि सामान्य कुटुंबाच्या हाती तर फारच उशिरा लागला. १९९०च्या सुमारास नाक्यानाक्यावर पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ उभे राहू लागले, तेव्हा जळगावचा ०२५७, धुळ्याचा ०२५६२ आणि नंदुरबारचा ०२५६४ हे आकडे अनेकांना आपल्या घराच्या क्रमांकासारखे पाठ झाले.

या आकड्यांमागे जो इतिहास आहे तो क्वचितच सांगितला जातो. दूरध्वनीचा इतिहास म्हणजे आवाज दूर नेण्याचा इतिहास, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः आवाज दूर नेणे हे अर्धेच काम होते. पलीकडच्या माणसाला आपण हाक मारली आहे हे कळले पाहिजे; त्याने ‘ओ’ दिली हे अलीकडे समजले पाहिजे; बोलणे संपल्याची वर्दी मधल्या सर्व केंद्रांना मिळाली पाहिजे. बोलण्याच्या आधीचा आणि नंतरचा हा मूक व्यवहार म्हणजेच संकेत. पाकिटातल्या मजकुराइतकेच पाकिटावरच्या पत्त्याला महत्त्व असते, तसेच हे आहे. आणि चमत्कार असा की, आवाज दूर नेण्यासाठी जे जे शोध लागले, त्यांतील बहुतेकांनी या संकेतांचीच वाट अडवली.

१० मार्च १८७६ रोजी बोस्टन शहरात अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांचे शब्द त्यांचे सहकारी थॉमस वॉटसन यांनी दुसऱ्या खोलीत तारेवरून ऐकले, ही हकिकत सर्वश्रुत आहे. त्या यंत्राला घंटा नव्हती, हे मात्र सहसा कोणी लक्षात घेत नाही. पलीकडच्याचे लक्ष वेधायचे तर यंत्रात मोठ्याने ओरडावे, नाहीतर पेन्सिलीच्या टोकाने त्याच्या पातळ पडद्यावर टकटक करावी, एवढाच उपाय होता. वॉटसन यांनी प्रथम टकटक करणारी एक छोटी हातोडी पेटीत बसवली आणि पुढे १८७८च्या सुमारास हाताने फिरवायच्या दांड्याचे जनित्र व त्यावर वाजणारी घंटा सिद्ध केली. दांडा फिरवला की लोहचुंबकांमध्ये तारेचे वेटोळे फिरे आणि सेकंदाला पंधरा-वीस वेळा दिशा पालटणारा प्रवाह तारेत जाई. दूरध्वनी केंद्रातल्या फळ्यावर त्या तारेपुरती एक झडप खाली पडे. ती पाहून ऑपरेटर विचारी, ‘कोण हवे?’ १ सप्टेंबर १८७८ रोजी बोस्टनमध्ये एमा नट या पहिल्या महिला ऑपरेटर म्हणून रुजू झाल्या. आधीच्या पोरांचा उर्मटपणा ग्राहकांना असह्य झाला होता, हे त्यामागचे कारण.

भारतात ओरिएंटल टेलिफोन कंपनीला १८८१ मध्ये कलकत्ता, मुंबई, मद्रास आणि अहमदाबाद येथे केंद्रे उघडण्याचा परवाना मिळाला, आणि २८ जानेवारी १८८२ रोजी पहिल्या तीन शहरांची सेवा औपचारिकपणे सुरू झाली. म्हणजे बेल यांच्या प्रयोगानंतर अवघ्या सहा वर्षांत मुंबईत दूरध्वनी खणखणू लागला. १९०७ मध्ये कानपूरला मध्यवर्ती विद्युत्घटांची पद्धत आली. घरोघरचा दांडा तीमुळे निकामी ठरला. ग्राहकाने नुसता रिसीव्हर उचलला की तारेतून प्रवाह वाहू लागे आणि केंद्रात दिवा लागे. खाली ठेवला की प्रवाह तुटे व दिव्यावरून तेही कळे. उचलणे आणि ठेवणे या माणसाच्या सहज कृतीच आता संकेत झाल्या. एका शहराच्या आत संकेतांचा प्रश्न असा सोयीस्कररीत्या मिटला. शहराबाहेर पाऊल टाकताच तो पुन्हा उभा राहिला.

लांब पल्ल्याच्या तारा महाग असत. तांब्याचा खर्च वाचवण्यासाठी त्याच तारांवरून तारायंत्राचे आणि दूरध्वनीचे काम एकदम चालवावे, ही कल्पना बेल्जियमचे फ्रांस्वा व्हान रिसेलबर्घ यांनी १८८०च्या दशकात प्रत्यक्षात आणली. पण तारायंत्राचे ठोके मंदगती, आणि घंटेचा प्रवाहही मंदगती. दोघे एकाच पट्ट्यात आले की एकमेकांच्या पायात पाय घालणार. म्हणून अशा मार्गांवर अमेरिकेत घंटेसाठी सेकंदाला १३५ आवर्तनांचा, म्हणजे किंचित वेगवान प्रवाह वापरावा लागला. त्यानंतर दोन तारा वेगवेगळ्या विजेच्या मंडलांत असूनही ध्वनी एकीतून दुसरीत जावा म्हणून रोहित्रे बसवण्यात आली. रोहित्रातून स्थिर प्रवाह मुळीच पार होत नाही. रिसीव्हर उचलल्याचा जो साधासुधा संकेत शहरात दिवा लावी, तो येथेच संपला.

खरा पेच आला तो रिपीटरमुळे. ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये शोधलेल्या निर्वात नलिकेत सुधारणा होऊन ती क्षीण झालेल्या आवाजाला पुन्हा बळ देऊ लागली, आणि २५ जानेवारी १९१५ रोजी न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को हा दूरध्वनीमार्ग समारंभपूर्वक खुला झाला. सुमारे १,३०,००० खांब, २,५०० टन तांबे आणि तीन मिनिटांना २० डॉलर ७० सेंट असा त्याचा डामडौल होता. परंतु रिपीटर हा मानवी आवाजाच्या मापाने घडवलेला. त्याला सेकंदाला सुमारे ३०० ते ३,००० आवर्तनांचे नाद कळतात. वीस आवर्तनांची घंटा त्याच्या दारातून आत जातच नाही. तेव्हा प्रत्येक रिपीटरच्या ठिकाणी घंटेसाठी शेजारून वेगळी पायवाट काढावी लागली: एका बाजूने आलेला घंटेचा प्रवाह ओळखायचा आणि दुसऱ्या बाजूला ताज्या दमाने नवा प्रवाह सोडायचा. पेशवाईत जासूदजोड्या पत्रे घेऊन टप्प्याटप्प्याने धावत, तशीच ही घंटेची डाक. टप्पे वाढले की उशीर वाढे, आणि एखाद्या टप्प्यावरचे यंत्र बिघडले तर आवाज स्वच्छ पोहोचे, पण हाक पोहोचत नसे. अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत एक जोडणी करायला त्या काळी पाच ऑपरेटरांची साखळी लागे आणि सुमारे दहा मिनिटे जात.

यावर १९२०च्या दशकात निघालेला उपाय पाहिला की अभियंत्यांच्या चातुर्याचे कौतुक वाटते. घंटा जर आवाजाच्या दारातून जाऊ शकत नसेल, तर घंटेलाच आवाजाचे रूप द्यावे! सेकंदाला १,००० आवर्तनांचा एक सूर तारेत सोडायचा. रिपीटरच्या दृष्टीने तो बोलण्यासारखाच, म्हणून तो बिनतक्रार पुढे जाणार. मात्र बोलण्याच्या ओघात असाच सूर कोणाच्या तोंडून निघाला तर भलतीच घंटा वाजायची. म्हणून तो सूर सेकंदाला वीस वेळा खंडित केला. इतक्या नियमित थरथरीचा एकसुरी नाद माणसाच्या बोलण्यात टिकून राहत नाही. युरोपात यासाठी १,००० ऐवजी ५०० आवर्तनांचा सूर घेतला गेला आणि आंतरराष्ट्रीय दूरध्वनी-संघटनेने पुढे त्यालाच ‘पद्धत क्रमांक १’ असे नाव दिले. संकेताने आवाजाचे वस्त्र पांघरण्याची ही सुरुवात. तिच्यातून मिळालेली सोय मोठी होती आणि तिच्या पोटात दडलेला धोकाही तेवढाच मोठा होता. तो उघडकीला यायला आणखी तीन-चार दशके जावी लागली.

महाराष्ट्राच्या भूमीवर याच काळात तारेवाचूनच्या दूरसंपर्काचा एक मोठा प्रयोग झाला. पुण्याजवळच्या खडकी आणि दौंड येथील बिनतारी केंद्रांतून जुलै १९२७ मध्ये इंग्लंडशी तारसंपर्क सुरू झाला आणि १ मे १९३३ रोजी भारत व इंग्लंड यांच्यात रेडिओ-दूरध्वनी खुला झाला. आवाजाने समुद्र ओलांडला खरा, पण वातावरणाच्या लहरीनुसार तो कधी भरून येई, कधी विरून जाई. अशा मार्गावर यंत्राच्या कानावर फार भरवसा ठेवता येत नसे; दोन्ही टोकांच्या माणसांनाच जागते राहावे लागे.

ही जागती माणसे हा या इतिहासाचा सर्वांत मोठा अध्याय आहे, आणि तंत्रज्ञानाच्या ग्रंथांत त्याला फार थोडी पाने मिळतात. भारतात जवळजवळ १९८०च्या दशकापर्यंत लांब पल्ल्याचा बहुसंख्य संपर्क ऑपरेटरांच्या हातून होई. ‘ट्रंक बुक करणे’ हा शब्दप्रयोग आजच्या तरुण वाचकाला समजावून सांगावा लागेल. ग्राहकाने ट्रंक केंद्राला क्रमांक सांगायचा आणि रिसीव्हर ठेवून वाट पाहायची. ऑपरेटर एका चिठ्ठीवर गाव, क्रमांक आणि वेळ टिपून घेई आणि ती चिठ्ठी आपल्या पाळीची वाट पाहत राही. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लायटनिंग अशा तिच्या तीन जाती. अर्जंटला दुप्पट दर. लायटनिंगला त्याहून कितीतरी अधिक, पण ती सर्वांना मागे सारून पुढे जाई. ज्याच्या खिशात पैसा त्याचे संकट अधिक तातडीचे, असा याचा सरळ अर्थ होता. ऑर्डिनरी कॉलला कित्येक तास लागत आणि कधी तो दिवसभरात लागतच नसे.

पाळी आली की ऑपरेटर मधल्या केंद्राला घंटेचा सूर पाठवी, तिकडची ऑपरेटर हजर होई, ती पुढच्या केंद्राला हाक मारी. खेड्यातल्या माणसासाठी शेवटचा टप्पा बहुधा टपाल कचेरीतला सार्वजनिक दूरध्वनी असे; तेथून निरोप्या जाऊन माणसाला बोलावून आणी. ठरावीक व्यक्तीच हवी असेल तर ‘पी.पी.’ कॉल करावा लागे, आणि त्याचे जादा पैसे पडत. अखेर ‘बोला’ असा शब्द कानी येई. तीन मिनिटे होताच तोच आवाज मध्ये डोकावून विचारी, ‘थ्री मिनिट्स ओव्हर, पुढे चालू ठेवायचे?’ हा आगंतुकपणा नव्हता. त्या मार्गांवर रिसीव्हर ठेवल्याचा संकेत दुसऱ्या गावाच्या केंद्रापर्यंत आपोआप पोहोचत नसल्यामुळे बोलणे चालू आहे की संपले, हे ऑपरेटरने कान देऊनच ठरवायचे. हाक, ओ, व्यग्रता, आरंभ, शेवट, वेळेचे माप, वाटेची निवड – पुढे यंत्रांनी एकेक करून ज्या गोष्टी उचलल्या, त्या सगळ्या एका माणसाच्या कानात, हातात आणि चिठ्ठीत होत्या. घरात मृत्यू झाला आहे, अंत्यविधी खोळंबला आहे, एवढे ऐकल्यावर आपल्या अधिकारात जेवढी घाई करता येईल तेवढी करणारी माणसे त्या फळ्यांमागे बसलेली होती. ही दया कोणत्याही नियमावलीत नव्हती, आणि ती सर्वांच्या वाट्याला येईच असेही नव्हते.

माणसाला मधून काढावे, ही इच्छा फार जुनी आहे. अमेरिकेतील कॅन्सस सिटीचे आल्मन स्ट्रोजर हे अंत्यविधीची व्यवस्था करणारे व्यावसायिक. ऑपरेटर आपली गिऱ्हाइके प्रतिस्पर्ध्याकडे वळवते, असा त्यांना संशय होता म्हणतात. मार्च १८९१ मध्ये त्यांना स्वयंचलित केंद्राचे पेटंट मिळाले आणि पुढच्याच वर्षी इंडियाना राज्यातील ला पोर्ट येथे तसे केंद्र उघडले. भारतातले पहिले स्वयंचलित केंद्र १९१३-१४ मध्ये सिमल्याला सुरू झाले. त्याची क्षमता ७०० ग्राहकांची होती. या पद्धतीत तबकडी फिरवून सोडली की परतताना ती प्रवाह तितक्या वेळा तोडते; पाच फिरवला तर पाच ठोके. केंद्रातले दांडे ठोक्यागणिक एकेक पायरी चढतात आणि हव्या त्या तारेशी भिडतात.

पण हे ठोके म्हणजे स्थिर प्रवाहाची उघडझाप, आणि तो प्रवाह लांब पल्ल्याच्या मार्गावर चालत नाही, हे वर आलेच आहे. म्हणून आकडेही सुरांत बांधावे लागले. इंग्लंडमध्ये १९३०च्या दशकाच्या अखेरीस ६०० आणि ७५० आवर्तनांच्या दोन सुरांची पद्धत आली. अमेरिकेत १९४०च्या दशकात त्याहून देखणी युक्ती निघाली: ७०० पासून १,७०० पर्यंतच्या सहा सुरांपैकी दर आकड्याला नेमके दोन सूर एकदम वाजवायचे. सहांतून दोन-दोनच्या जोड्या १५ होतात. दहा आकड्यांना दहा, उरलेल्या ‘आरंभ’, ‘समाप्त’ अशा खुणांना. पलीकडच्या यंत्राला एकच सूर ऐकू आला किंवा तीन आले, तर काहीतरी चुकले हे त्याला तत्काळ कळे. चुकीची ही जाण ठोक्यांच्या पद्धतीत नव्हती. तेथे एक ठोका गळाला की पाचाचे चार होत आणि भलत्याच घरी घंटा वाजे.

१० नोव्हेंबर १९५१ रोजी न्यू जर्सीतील एंगलवूडच्या महापौरांनी ऑपरेटरची मदत न घेता कॅलिफोर्नियातील अलामेडाच्या महापौरांशी संपर्क साधला. जोडणीला १८ सेकंद लागली. ५ डिसेंबर १९५८ रोजी राणी एलिझाबेथ यांनी ब्रिस्टलहून एडिंबरोला थेट दूरध्वनी केला. या ब्रिटिश सेवेचे नाव ‘सबस्क्रायबर ट्रंक डायलिंग’. आपल्या पिवळ्या पाटीवरची तीन अक्षरे तेथून आली. त्यानंतर दोनच वर्षांनी, २५ नोव्हेंबर १९६० रोजी, भारतातला पहिला एसटीडी मार्ग कानपूर आणि लखनौ यांच्यात सुरू झाला. आपला देश या बाबतीत दशकानुदशके मागे होता, असे जे सरसकट म्हटले जाते, ते तितकेसे खरे नाही. पहिले पाऊल वेळेवर पडले होते. ते देशभर पसरायला मात्र पाव शतक लागले.

विलंबाची कारणे पैशाची होती, धोरणाची होती, तशीच यंत्रांच्या भाषेचीही होती. बंगलोरच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजमध्ये १९४८ पासून ब्रिटिश सहकार्याने स्ट्रोजर पद्धतीची यंत्रे बनू लागली आणि १९६०च्या दशकात बेल्जियन कंपनीशी करार होऊन पेंटाकॉन्टा जातीची क्रॉसबार यंत्रे आली. एक पायरीपायरीने ठोके मोजणारे, दुसरे सर्व आकडे आधी स्मरणात साठवून मग वाट शोधणारे. दोघांचा संवाद घडवायला मध्ये दुभाषी लागत. क्रॉसबारसारख्या केंद्रांमधला नवा व्यवहार होता ‘आर-२’ नामक पद्धतीच्या धर्तीवरचा. त्यात पाठवणारे केंद्र एका आकड्याचे सूर धरून ठेवते. घेणारे केंद्र उलट दिशेने सुरांनीच ‘कळले, पुढचा सांग’ म्हणते. मगच पहिले थांबते. आजी गोष्ट सांगते आणि नातवंडांनी हुंकार दिल्याशिवाय पुढे जात नाही, त्याची येथे आठवण व्हावी. स्ट्रोजरची गोष्ट हुंकाराविनाच चाले. ऐकणारा झोपला तरी सांगणाऱ्याला पत्ता नाही. याच उलट दिशेच्या सुरांतून ‘क्रमांक व्यग्र आहे’, ‘वाट मोकळी नाही’ असेही कळवता येई. ‘इस रूट की सभी लाइनें व्यस्त हैं’ हे वाक्य ज्यांनी बूथमध्ये उभे राहून पुनःपुन्हा ऐकले आहे, त्यांना अशा नकाराचा अनुभव आहे.

आता त्या दडलेल्या धोक्याकडे वळायला हवे. अमेरिकेत मार्ग रिकामा असल्याची खूण म्हणून २,६०० आवर्तनांचा सूर सतत वाजत ठेवीत; सूर थांबला म्हणजे मार्ग वापरात आला. बोलण्यात तो सूर चुकून उमटून जोडणी तुटू नये म्हणून यंत्राला एक पारखही शिकवली होती: त्या सुराबरोबर इतरही सूर ऐकू आले तर ते बोलणे समजावे, दुर्लक्ष करावे. परंतु कोणी मुद्दाम, स्वच्छ, तोच एक सूर काढला तर? १९५०च्या दशकात जो एन्ग्रेसिया या जन्मांध मुलाला आढळून आले की, आपण विशिष्ट पट्टीत शीळ घातली की दूरचे यंत्र मान तुकवते. न्याहारीच्या डब्यातून मुलांना फुकट मिळणाऱ्या एका शिट्टीतूनही तोच सूर निघे. कंपनीच्या अभियंत्यांनी सुरांचा सर्व तपशील १९५४ आणि १९६० मध्ये आपल्या संशोधनपत्रिकेत छापला होता, तो महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत सहज वाचायला मिळे. १९७१ पर्यंत हा प्रकार मासिकांत गाजू लागला. पुढे ॲपल संगणक कंपनी स्थापन करणारे स्टीव्ह जॉब्स आणि स्टीव्ह वॉझनियाक यांनी तरुणपणी असे सूर काढणारे खोके बनवून विकले होते. फुकट बोलणे हा गुन्हा खराच. पण कुलपाची किल्ली दारातच टांगून ठेवणाऱ्या घरमालकालाही थोडा बोल लावावा लागेल.

कारण उघड होते. हाक आणि बोलणे एकाच वाटेने जात होते आणि त्या वाटेवर तोंड उघडायला कोणालाही मुभा होती. युरोपात आणि आपल्याकडेही वापरल्या गेलेल्या एका पद्धतीत संकेताचा सूर ३,८२५ आवर्तनांवर, म्हणजे बोलण्यासाठी राखलेल्या ३,४०० आवर्तनांच्या वर नेऊन ठेवला. ग्राहकाचा आवाज तेथवर पोहोचतच नाही. संपूर्ण उपाय मात्र निराळाच निघाला: शेकडो संभाषणांच्या सर्व संकेतांसाठी एक स्वतंत्र मार्ग ठेवायचा आणि त्यावरून केंद्रांच्या संगणकांनी आपापसांत निरोपांची देवघेव करायची. अमेरिकेत १९७६ मध्ये ही रीत प्रत्यक्षात आली, आणि आंतरराष्ट्रीय संघटनेने तिची सुधारलेली आवृत्ती ‘पद्धत क्रमांक ७’ म्हणून १९८० मध्ये प्रसिद्ध केली. पूर्वी पलीकडचा क्रमांक व्यग्र आहे एवढे कळण्यासाठीसुद्धा साऱ्या वाटेवरचा मार्ग अडवून ठेवावा लागे. आता आधी निरोप जाऊन येतो आणि मगच बोलण्याची वाट उघडते.

डिंडोलीजवळून जाणाऱ्या रेल्वेच्या जगात ही विभागणी केव्हाचीच रूढ होती. भारतीय रेल्वेच्या दोन स्थानकांमध्ये ब्लॉक यंत्राची घंटा वेगळी आणि बोलण्याचा दूरध्वनी वेगळा. घंटेचा एक ठोका म्हणजे ‘लक्ष द्या, दूरध्वनी घ्या’, पुढच्या ठोक्यांचे अर्थ पुस्तकात ठरलेले. गाडी आणि जीव यांचा प्रश्न असल्यामुळे रेल्वेने हाकेला बोलण्यात मिसळू दिले नाही. दूरध्वनीवाल्यांना तेथे पोहोचायला जवळजवळ शंभर वर्षे लागली, हे थोडे नवलाचेच.

भारतात ही यंत्रसंगणकांची पिढी १९८०च्या दशकात आली. १९८३ मध्ये मुंबईत लांब पल्ल्याच्या कॉलसाठी पहिले संगणक-नियंत्रित केंद्र सुरू झाले. ऑगस्ट १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली आणि तिचे १२८ तारांचे छोटे ग्रामीण केंद्र जुलै १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूरला बसले. वातानुकूलनाशिवाय, धुळीत आणि उन्हाळ्यात चालणाऱ्या अशा केंद्रांमुळे तालुक्याच्या गावांना आणि खेड्यांना ऑपरेटरवाचून बाहेर बोलता येण्याची शक्यता निर्माण झाली. पद्धत क्रमांक ७ पुढे १९९०च्या दशकात रुजली. शहरातला बूथ हे या साखळीचे एक टोक. दुसरे टोक गावात तयार झाल्याशिवाय पिवळ्या पाटीला अर्थ नव्हता.

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ पसरली आणि काही दिवसांत लाखो माणसे शहर सोडून गेली. ज्यांची माणसे मागे राहिली होती आणि ज्यांची वाटेवर होती, त्या दोघांच्याही लेखी ‘बरे आहोत’ एवढे कळणे हेच सर्वस्व होते. असे दोन शब्द पाठवायचे तर बोलण्याचा खर्च अगदी थोडा. सारी मातब्बरी वाट मिळण्याची.

दूरध्वनीच्या आकारणीचा नियम असा की, पलीकडून ‘ओ’ येण्याचा संकेत मिळाला तरच मोजणी सुरू होते. घंटा कितीही वाजो, पलीकडे कोणी उचलले नाही तर पैसे नाहीत. स्ट्रोजरच्या काळापासून प्रवाहाची दिशा पालटून हा संकेत दिला जाई. पुढच्या पद्धतींत त्याचे रूप बदलले, नियम तोच राहिला. २००० नंतर भ्रमणध्वनी हातोहाती आला, तेव्हा काटकसरी माणसांनी या नियमातली फट बरोबर हेरली. रात्रीच्या गाडीने डिंडोलीहून निघालेला मुलगा पहाटे नंदुरबारला किंवा अमळनेरला उतरे, घरच्या क्रमांकावर दोनदा घंटा जाऊ देई आणि बंद करी. घरी कोणी उचलत नसे. उचलायचे नसते हे ठरलेलेच असे. त्या घंटेतून पोहोचल्याचे कळे.